कुलर थंड करत नाही? आधी टपातलं पाणी बघा

होळी झाली की दर्यापूरच्या माझ्या दुकानासमोर कुलर यायला लागतात. ऑटोत आडवे टाकलेले, मोटरसायकलच्या मागे दोरीने आवळलेले, एखादा मिनीडोरमध्ये हरभऱ्याच्या कट्ट्यांच्या मधोमध उभा. माझा मूळ धंदा मोटर वाइंडिंगचा, बारा महिने विहिरीवरच्या आणि बोरच्या मोटरी. कुलर हे मार्च ते जूनचं काम. तक्रार जवळजवळ सगळ्यांची एकच असते, "भाऊ, मोटर चालते, पंप चालते, पण कुलर गरमच हवा फेकून रायला." मी मोटरीकडे न बघता विचारतो, "दिवसाले पाणी किती लागते त्याले?" माणूस बुचकळ्यात पडतो. "परवा भरला होता, अजून अर्धा हाय," असं उत्तर आलं की मोटर उघडायची गरजच उरत नाही. भर उन्हाळ्यात ज्या कुलरचं पाणी दोन दोन दिवस पुरतं, तो थंड करूच शकत नाही.

कुलर हवा थंड करतो तो पाणी गार असतं म्हणून नाही, पाणी उडतं म्हणून. माठ पाझरतो म्हणून गार राहतो, तसंच हे. एक लिटर पाण्याची वाफ व्हायला साधारण ५८० किलोकॅलरी उष्णता लागते आणि ती ताटीतून, म्हणजे बाजूच्या गवत भरलेल्या जाळीतून, आत शिरणाऱ्या हवेतूनच ओढली जाते. म्हणजे टपातलं जेवढं पाणी उडालं, तेवढाच थंडावा घरात आला. टपात बर्फाची लादी टाकणाऱ्यांनी एक हिशेब करून बघावा. किलोभर बर्फ वितळताना ८० किलोकॅलरी घेतो. बाजारातून विकत आणलेल्या सात किलो बर्फाचं काम नळाचं एक लिटर पाणी करतं, फक्त ते उडायला पाहिजे.

म्हणून पहिली तपासणी घरीच करा. दुपारी बारा-एकच्या सुमारास टप भरा, बॉल कॉक (टप आपोआप भरणारा तरंगत्या गोळ्याचा नळ) असेल तर नळ बंद करा, टपाच्या आतल्या बाजूला पाण्याच्या पातळीवर खडूने रेघ मारा आणि कुलर पूर्ण स्पीडवर तासभर चालू द्या. मग प्लग काढा आणि एखाद्या मापाच्या डब्याने पुन्हा रेघेपर्यंत पाणी भरा. अठरा इंची पंख्याचा पत्र्याचा कुलर एप्रिल-मेच्या दुपारी तासाला दहा लिटरच्या वर पाणी पितो. प्लास्टिकचा छोटा कुलर कमी पितो, पण त्याचीही पातळी तासाभरात डोळ्यांना दिसेल इतकी उतरली पाहिजे. कुलर खालून गळत असेल तर हा हिशेब फसवा निघेल, तेव्हा आधी खालची फरशी कोरडी आहे ना ते बघून घ्या.

पाणी उतरलंच नाही तर बिघाड कुलरमध्ये आहे. पाणी भरपूर उतरलं आणि तरी खोली गरम आहे, तर कुलर ठीक आहे आणि दोष खोलीचा आहे. एवढं कळलं तरी अर्धं काम झालं.

हात घालायच्या आधी

हे मला प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगावं लागतं आणि प्रत्येकाला ते ठाऊकच असतं. तरी दर उन्हाळ्यात विदर्भात कुलरचा शॉक लागून माणसं मरतात. महावितरण दरवर्षी सूचना काढतं, पेपरात येतं, आणि त्याच पानावर खाली बातमी असते.

स्विच बंद करणं पुरेसं नाही, प्लग काढा. खेड्यातल्या जुन्या वायरिंगमध्ये स्विच बरेचदा फेजवर, म्हणजे करंट आणणाऱ्या वायरवर, नसून न्यूट्रलवर, म्हणजे परतीच्या वायरवर, घेतलेला असतो. अशा बोर्डावर स्विच बंद केला की पंखा थांबतो, पंप थांबतो, पण पंपाच्या वायरीत आणि वाइंडिंगमध्ये करंट असतोच. पंप पाण्यात बुडालेला असतो. त्याचं सील गेलं असेल किंवा वायर उंदराने कुरतडली असेल, तर टपातल्या पाण्यात आणि पत्र्यात करंट उतरतो. बादलीने पाणी टाकणारी बाई ओल्या अंगणात अनवाणी उभी असते. यापुढचं सांगायला नको.

थ्री-पिनचा जाड पिन तोडून टू-पिनच्या बोर्डात घुसवलेला प्लग मी माझ्या दुकानात लावू देत नाही, आधी बदलून देतो. पत्र्याच्या कुलरला अर्थिंग हवंच. आपल्याकडे त्यात आणखी एक भानगड आहे. काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, अर्थिंगच्या सळईभोवतीची माती सुकून सुटते आणि पावसाळ्यात चांगलं असलेलं अर्थिंग नेमकं मे महिन्यात नावापुरतं उरतं. त्या खड्ड्यात उन्हाळाभर रोज संध्याकाळी बादलीभर पाणी टाका. सांडपाणी चालतं. वायरमन घरी आलाच तर त्याला फेज आणि अर्थिंगमध्ये बल्ब लावून बघायला सांगा. बल्ब मिणमिणला तर अर्थिंग कामाचं नाही. हे बघणं त्याचं काम आहे, तुम्ही करू नका.

आणि बोर्डावर ३० मिलिअँपियरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळायला लागला की लाइन तोडणारा स्विच, बसवून घ्या. एमसीबी आहे म्हणून निश्चिंत राहणारे पुष्कळ भेटतात. एमसीबी वायर जळू नये म्हणून असतो. माणसाच्या अंगातून जाणारा करंट त्याच्या हिशेबी काहीच नसतो, तो पडत नाही. आरसीसीबी पडतो. घरात तो वारंवार पडत असेल तर त्याला शिव्या देत काढून टाकू नका, आधी कुलरचा पंप बाजूला काढून बघा. बहुतेक वेळा तोच चोर निघतो.

पाणी ताटीपर्यंत जातं का

आता प्लग काढून बाजूच्या ताट्या उघडा. काढायच्या आधी मात्र एक काम करा. ताट्या लावलेल्या असताना, पंप दहा-पंधरा मिनिटं चालून थांबल्यावर, बाहेरून नीट बघा. ओली ताटी गडद दिसते आणि कोरडा पट्टा फिकट. बहुतेक कुलरांत मला एक फिकट पट्टा वरून खालपर्यंत गेलेला दिसतो आणि वरच्या कोपऱ्यात वितभर जागा उघडी दिसते. त्या पट्ट्यातून आणि त्या कोपऱ्यातून बाहेरची ४४ डिग्रीची हवा जशीच्या तशी घरात जाते. हवेला जिथून सोपं जातं तिथून ती घुसते. ओल्या, दाट गवतातून जायला तिला जोर लागतो, उघड्या भोकातून लागत नाही. त्यामुळे पाव ताटी रिकामी असली की नुकसान पावापेक्षा बरंच जास्त होतं.

वूडवूल, म्हणजे ताटीतलं हे लाकडाच्या तासाचं गवत, एका उन्हाळ्यात बसतं, खाली दबतं, वर जागा मोकळी होते. म्हणून दरवर्षी नवीन भरायचं. नवीन भरताना बायाबापड्या ते दाबून दाबून भरतात, जास्त गवत म्हणजे जास्त थंड या हिशेबाने. तसं नाही. फार दाबलं तर हवा शिरत नाही, पंखा नुसता घरघरतो. गवत हाताने मोकळं करून सगळीकडे सारखं पसरायचं, जाळीच्या कोपऱ्यात बोटांनी सारायचं, आणि ताटी उजेडाकडे धरून बघायची. उजेड सगळीकडे सारखा अंधुक दिसला पाहिजे, कुठे लख्ख ठिपका नको.

कोरडा पट्टा ताटीत गवत असूनही पडत असेल तर वरच्या पन्हाळीकडे बघा. त्या पन्हाळीला ओळीने भोकं असतात आणि प्रत्येक भोकातून धार पडायला हवी. खिळ्याने किंवा सुईने भोकं मोकळी करा. कुलर एका बाजूला कललेला असेल तर सगळं पाणी त्याच बाजूला जातं. पन्हाळीत पाणी सगळीकडे सारखं दिसेपर्यंत पायाखाली फरशीचा तुकडा सारा. माझ्याकडे ऑटोचं भाडं देऊन आणलेले कितीतरी कुलर नुसते वाकडे ठेवलेले होते. घरी गेल्यावर फरशीचा तुकडा लावा म्हटलं की लोकांना वाटतं, हा टाळून रायला.

धार सगळीकडेच बारीक असेल तर पंप. त्याच्या खालची जाळी काढा. आत बोटाच्या पेराएवढा छोटा पंखा असतो, त्यात वूडवूलच्या काड्या गुंडाळलेल्या सापडतील. काड्या ओढून काढा, पंखा बोटाने फिरवून बघा. फिरत असेल आणि तरी पाणी चढत नसेल, तर नळी वाकलीय का, निघालीय का ते बघा. पंप पूर्ण बुडेल इतकं पाणी टपात नेहमी हवं. कोरडा चालला की तो तापतो आणि जळतो. पंप स्वस्त असतो, जळला तर नवीन घ्या. त्याचं वाइंडिंग करून द्या म्हणून येणाऱ्यांना मी परत पाठवतो.

खारपाणपट्ट्यातल्या लोकांसाठी

आता जे लिहितोय ते यवतमाळ-वणीकडच्यांना तेवढं लागणार नाही. पूर्णेच्या खोऱ्यात, म्हणजे अमरावती, अकोला, बुलढाणा या तीन जिल्ह्यांच्या खारपाणपट्ट्यात राहणाऱ्यांनी मात्र नीट वाचा. आपल्याकडचे निम्मे कुलर पाण्यातल्या क्षाराने मरतात.

पाणी उडतं तेव्हा फक्त पाणीच उडतं, क्षार मागे राहतो. बोरचं खारं पाणी टपात टाकलं, संध्याकाळपर्यंत टप रिकामा झाला, पुन्हा त्याच पाण्याने भरला. आता टपात कालचाही क्षार आहे आणि आजचाही. असं आठवडाभर वरून वरून भरत राहिलं की टपातलं पाणी बोरच्या पाण्यापेक्षा कितीतरी पट खारं होतं. ते पाणी ताटीवर फिरतं, वाळतं आणि तिथेच बसतं. मे महिन्यात माझ्याकडे येणारी ताटी हातात घेतली की आधी वजनच जाणवतं. गवताच्या काड्यांवर पांढरी पुटं चढलेली असतात, बोटाने दाबली की कडकड मोडतात आणि तळहाताला बारीक पांढरी भुकटी लागते. अशा काडीवर पाणी मुरत नाही, वरून ओघळून जातं. पाणी चालतंय, ताटी ओली दिसतेय आणि हवा मात्र गरम, हा प्रकार हाच.

उपाय म्हणजे टप वरून भरत राहायचं नाही, मधूनमधून पूर्ण रिकामा करायचा. खारं पाणी वापरत असाल तर दर तिसऱ्या दिवशी. टपाला खाली बूच असतं ते यासाठीच आहे, पण बरेच जण त्यावर एमसील लावून ते कायमचं बंद करतात, का ते मला कळलेलं नाही. काढलेलं पाणी तुळशीला किंवा भाजीच्या वाफ्याला घालू नका, ते झाड मारतं. अर्थिंगच्या खड्ड्यात घाला, तिथे ते उपयोगाचं आहे.

शहानूर धरणाच्या नळाचं गोडं पाणी ज्यांच्याकडे येतं त्यांनी ते कुलरमध्ये ओतावं असं मी म्हणणार नाही, उन्हाळ्यात ते प्यायलाच पुरत नाही. पण आठवड्यातून एकदा, टप रिकामा केल्यावर, बादलीभर गोडं पाणी वरून ताट्यांवर सोडा. ओल्या गवतावरचा ताजा क्षार धुऊन निघतो. पुट कडक झाल्यावर धुण्यात अर्थ नाही, गवत फेका.

हनीकॉम्बच्या ताट्या जास्त टिकतात, पण त्या कागदाच्या असतात आणि महाग असतात. खाऱ्या पाण्यात त्यांची पोळी क्षाराने बुजतात आणि मग त्या गवतापेक्षा वाईट, कारण पैसे घातल्यामुळे कुणी फेकत नाही. ज्यांच्याकडे फक्त बोरचं खारं पाणी आहे त्यांना मी वूडवूलच भरायला सांगतो. स्वस्त आहे, दरवर्षी फेकता येतं, गरज पडली तर मे महिन्यात मधेच दुसऱ्यांदा भरता येतं. हनीकॉम्ब धुवायचीच असेल तर मऊ ब्रशने, हलक्या हाताने, वरून पाणी सोडत.

पंपाच्या पंख्यावर आणि नळीत क्षार बसला असेल तर किराणा दुकानातलं लिंबूसत्त्व आणा. अर्धी बादली कोमट पाण्यात मूठभर टाकून त्यात जाळी, नळी आणि पंपाचा पंखा तासभर ठेवा, क्षार सुटतो. संडास-बाथरूमचं ॲसिड पत्र्याच्या टपात ओतू नका. क्षार जाईल, सोबत टपही जाईल. शिवाय बंद खोलीत त्याचा धूर छातीत बसतो.

पंखा हवा ओढतो का

वर्तमानपत्राचं एक पान घ्या. कुलर चालू असताना, कुलरला हात न लावता, ते पान बाहेरून ताटीजवळ धरून सोडा. पान ताटीला चिकटून राहिलं पाहिजे. खाली पडलं तर हवा कमी ओढली जातेय. पान उलट बाहेर फेकलं गेलं तर पंखा उलटा फिरतोय.

उलटा पंखा ऐकायला विचित्र वाटतं, पण वाइंडिंग करून आणलेल्या मोटरींत हे सर्रास होतं. वायरीची जोडणी बदलली की फिरण्याची दिशा बदलते. मोटर फिरते, आवाज येतो, थोडाफार वाराही लागतो, त्यामुळे घरच्यांच्या लक्षात येत नाही. दिशा बरोबर असूनही जोर नसेल तर पातं उलटं बसवलं असेल. पात्याची कोणती बाजू मोटरीकडे होती हे काढताना कुणी बघितलेलंच नसतं.

मोटर नुसती गुणगुणते, फिरत नाही, अशा वेळी प्लग काढून पातं हाताने फिरवा. जड फिरत असेल, लगेच थांबत असेल, तर बुश (मोटरीचा दांडा ज्यात फिरतो त्या कड्या) सुकलेत किंवा शाफ्टवर, म्हणजे त्या दांड्यावर, गंज आहे. दोन्ही टोकांना मशीनच्या तेलाचे थेंब टाका, फिरवत राहा, हलकं होईपर्यंत. खोबरेल तेल टाकू नका, ते धूळ धरून चिकट होतं. पातं हाताला मोकळं फिरतं आणि लाइन दिल्यावर मात्र गुणगुणतं, तर बहुतेक कंडेन्सर, म्हणजे मोटरीला फिरायला जोर देणारा कपॅसिटर, गेला. काठीने ढकलल्यावर चालू होतं म्हणून पुष्कळ घरी कुलरजवळ एक काठी ठेवलेली असते. ती काठी फेका आणि कंडेन्सर बदला, वाइंडिंगपेक्षा तो कितीतरी स्वस्त आहे. त्यावर जितके मायक्रोफॅरड लिहिलेत तितक्याचाच आणायचा. "थोडा मोठा लावा, जोर येईल" असं सांगून विकणारे असतात. त्याने जोर येत नाही, मोटर तापते.

संध्याकाळी सातनंतर सगळ्या गावाचे कुलर एकाच डीपीवर, म्हणजे ट्रान्सफॉर्मरवर, येतात आणि व्होल्टेज बसतं. २३० च्या जागी १८० मिळालं तर मोटरीचा जोर साधारण ६० टक्क्यांवर येतो, कारण तो व्होल्टेजच्या वर्गाच्या हिशेबाने घटतो. दुपारी चांगला आणि संध्याकाळी मेलेला कुलर दुकानात आणायचा नसतो. सात-आठ घरांनी मिळून डीपीची क्षमता वाढवून मागायचा अर्ज करावा, तोवर मोटर गुणगुणत थांबली की लगेच बंद करावी. तशीच ठेवली तर जळक्या वार्निशचा वास येईल, आणि मग ती माझ्याकडेच यायची.

पाणी उडतं, तरी खोली गरम

हवा आत येते तेवढीच बाहेर जायला पाहिजे. आपल्याकडे ऊन आत येऊ नये म्हणून दारं-खिडक्या गच्च लावायची सवय आहे, कुलर लावल्यावरही ती सुटत नाही. बंद खोलीत कुलरची हवा कोंडते, नवीन हवा शिरायला जागा राहत नाही आणि ओल साचते. तासाभरात अंग चिकट होतं, पापड सादळतात, आणि म्हणायचं काय तर कुलर दमट करतो.

कुलरच्या समोरचं दार किंवा खिडकी वितभर उघडी ठेवा. शेजारची नको, समोरची, म्हणजे थंड हवा खोली पार करून बाहेर जाईल. उघड्या फटीजवळ उदबत्ती धरा. धूर सरळ बाहेर ओढला गेला तर वाट बरोबर आहे, तिथल्या तिथे घुटमळला तर आणखी उघडा. काही घरांत मी हे नुसतं फोनवर सांगितलं आणि कुलर दुकानात आलाच नाही. धंद्याचं नुकसान, पण उन्हात तेवढी चक्कर वाचली.

प्लास्टिकचा चाकाचा कुलर खोलीच्या मधे ठेवून चालवणारे तर त्याच त्या हवेला पुन्हा पुन्हा ओलं करतात. त्याची पाठ उघड्या खिडकीला लावा. पत्र्याचा कुलर भिंतीबाहेर असतो, ते बरं, पण त्याच्या मागे हातभर मोकळी जागा हवी. तिथे पऱ्हाट्यांचा ढीग रचलेला मी बघितलाय. गोठ्याकडे ताटी असली तर काय होतं ते सांगायची गरज नाही.

टिनाच्या खोलीचं दुखणं वेगळं. तापलेला टिन वरून उष्णता फेकत राहतो, कुलरची हवा २८ ची असली तरी डोकं भाजतं. कुलर बदलून हे जात नाही. टिनावर पांढरा चुना मारा, किंवा टिनाच्या वर हातभर अंतर ठेवून हिरवी नेट ताणा. तुराट्या टाकणारेही आहेत. गार होतं खरं, पण वाळक्या तुराट्या आणि घरावरून गेलेली लाइन हे दोन्ही एकत्र मला बघवत नाही. कुलरवरही पश्चिमेचं ऊन येत असेल तर सावली करा, फक्त ताट्या झाकल्या जाऊ नयेत.

आणि अपेक्षा किती ठेवायची तेही माहीत हवं. मे महिन्यात दुपारी बाहेर ४४ असेल आणि हवेत दमटपणा १५ टक्के असेल, तर पाणी उडून हवा जास्तीत जास्त २३ पर्यंत खाली येऊ शकते. चांगला कुलर २७-२८ पर्यंत आणतो. म्हणूनच नवतपात, म्हणजे मेअखेरच्या नऊ तापत्या दिवसांत, जेव्हा बाहेर निघवत नाही, तेव्हा कुलर सगळ्यात छान चालतो. साधा थर्मामीटर आधी बाहेर सावलीत आणि मग कुलरच्या जाळीसमोर धरा. दुपारी दोघांत बारा-पंधरा डिग्रीचा फरक दिसला तर कुलरमध्ये काही बिघाड नाही. मृग लागला, दोन पाऊस झाले की हाच फरक तीन-चारवर येतो, कारण हवाच ओली असते आणि पाणी उडत नाही. तेव्हा पंप बंद करा, नुसता पंखा चालवा. जुलैमध्ये "अचानक थंड करणं बंद झालं" म्हणून येणारे दरवर्षी असतात.

बाकी किरकोळ. टपाला वास येत असेल तर शेवाळ आहे, घासून काढा आणि दिवसभर उन्हात सुकवा. आठवड्यातून एक दिवस टप पूर्ण कोरडा ठेवा, डेंग्यूचा डास त्याच स्वच्छ पाण्यात अंडी घालतो आणि आठवडाभरात उडायला लागतो. टपाला भोक पडलं असेल तर डांबर किंवा एमसील आतून लावा, बाहेरून लावलेलं टिकत नाही.

इतकं सगळं बघूनही मोटर फिरत नसेल किंवा जळक्याचा वास आला असेल, तर माझ्याकडे किंवा तुमच्या जवळच्या वाइंडिंगवाल्याकडे या. अख्खा कुलर आणू नका, नुसती मोटर आणि तिचा कंडेन्सर आणा. पातं घरी ठेवा, पण काढण्याआधी मोटरीकडच्या बाजूला खडूने फुली मारा. कोणत्या रंगाची वायर कुठे होती त्याचा मोबाईलमध्ये फोटो घ्या. गुढीपाडव्याच्या आधी आणली तर दुसऱ्या दिवशी मिळते. नवतपात आणली तर आठवडा धरून चाला.